सुसरसचा खण

सोमवारी सकाळी गावातले सगळे हळू आवाज कोशकचेरीतल्या एका खणात जाऊन बसले. पिंपळ हलायचा, पण सळसळ नाही. बायका एकमेकींच्या कानाला लागायच्या, पण ऐकू काही येत नसे. चहाडखोरांची तर पंचाईतच झाली!

चूक मालिनीबाई खांबेट्यांची. त्यांच्या इंग्रजी-मराठी कोशाचा एक जुना दंडक होता: आवाजाचा शब्द असेल, तर तो आवाज स्वतःच्या कानांनी ऐकूनच चिठ्ठीखाली 'ऐकले' लिहायचं. 'भुंकणे'साठी बाई कुत्र्यांमागे वणवण फिरल्या होत्या. पण शनिवारी पहिल्यावहिल्या नातीला बघायची घाई! 'सुसरस'च्या चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं: 'मूळ लॅटिन. अर्थ गुणगुण, कुजबुज. पुढे कोणताही मंद, अखंड आवाज.' आणि न ऐकताच 'ऐकले' लिहून मोकळ्या झाल्या.

आता आवाज बिचारे स्वतःला ऐकवून घ्यायला त्या चिठ्ठीच्या खणात आले होते.

बुधवारी मुलीचा, ऋजुताचा फोन आला. "आई, बाळाचा श्वासच ऐकू येत नाही गं. दोन दिवस तिच्या नाकाशी बोट धरून बसलेय. डोळ्याला डोळा नाही."

मालिनीबाई तडक कचेरीत, कोशाचे संपादक फणसळकर सरांकडे गेल्या आणि न ऐकताच लिहिल्याचं सांगून टाकलं.

"एकेक ऐकून घ्या, मग सुटतील," सर म्हणाले.

"सगळे?"

"खोटं लिहिताना विचारलंत का?"

बाईंनी 'सुसरस'चा खण ओढला. तो टेबलाबाहेर आला, लांबत लांबत दाराबाहेर गेला, जिना उतरला. बाई त्याच्या कडेकडेने चालू लागल्या. वाकायचं, कान लावायचा, "ऐकलं, जा बाबा" म्हणायचं. मागे पिंपळ सळसळला. नव्या लुगड्याची सरसर सुटली, बायकांची कुजबुज, भाकरीच्या पिठाची भुरभुर, मधमाश्यांची गुणगुण, पाटाच्या पाण्याची झुळझुळ. पाठीचा पार काटा ढिला झाला, पण खण संपेना. भाजीबाजारातून वळून तो ऋजुताच्या घरात शिरला आणि पाळण्याखाली गेला.

तिथे तळाशी एक एवढासा आवाज होता. बाईंनी श्वास रोखून कान लावला. आत. बाहेर. पुन्हा आत. त्यांचे डोळेच भरून आले.

"ऐकलं गं माझ्या बाई," त्या कुजबुजल्या.

पाळण्यातून श्वास ऐकू आला. ऋजुताचं बोट बाळाच्या नाकाजवळून घसरलं. ती बसल्या जागी झोपली होती.

खण मात्र पाळण्याखालून पुढे, खिडकीबाहेर सरकतच होता. मालिनीबाईंनी दारातल्या चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता त्याच्या मागे निघाल्या.