फ्रीझरमधला गम्बो

अमेरिकेत ईडन प्रेरीला लेकीकडे येऊन श्रीरंगरावांना वर्ष होत आलं, तरी तिच्या स्वयंपाकघरात ते पाहुण्यासारखेच वावरत. त्याला कारण घडलं होतं. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी आदल्या रात्रीची आमटी ओट्यावरच राहू दिली, सकाळी तिला खळखळून उकळी आणली आणि नातीला भातावर वाढली. नागपूरच्या घरी हे असंच चालत आलं होतं. उकळी आली की आमटी पुन्हा ताजी. छोट्या अनिकाला मात्र रात्रभर उलट्या झाल्या. रीमा त्यांना एका शब्दानं बोलली नाही. पण तेव्हापासून अनिकाचं ताट ती स्वतःच वाढू लागली, आणि हे त्यांना बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

आता फेब्रुवारीत जावयाच्या, आंद्रेच्या, चुलतभावाचं लुइझियानात लग्न होतं.

"अडल्ट्स ओन्ली आहे, बाबा. अनिकाला नेता येणार नाही," रीमा म्हणाली.

"लग्नात पोरं नकोत? मग मांडवात धावायचं कुणी?"

ती मनापासून हसली. तेवढ्याच धीरावर ते बोलून गेले, "मग राहील की ती माझ्याजवळ."

"बघू," ती म्हणाली. हसू मात्र मावळलं होतं.

त्या एका 'बघू'ला श्रीरंगराव धरून बसले. रीमा ऑफिसला गेली की ते टॅबलेट उघडत आणि शिळं अन्न कसं साठवायचं, कसं गरम करायचं, याबद्दल सापडेल ते वाचून काढत. आयुष्यभर वाचनालयात नोकरी केलेला माणूस. वाचणं तेवढं जमे. उकळीनं जंतू मरतात, पण अन्न तासन्‌तास बाहेर राहिलं तर काही जंतू जे विष करून ठेवतात ते उकळूनही जात नाही, हे वाचल्यावर त्यांनी टॅबलेट बाजूला ठेवला. जन्मभर आपण काय काय खाल्लं, बायकोला काय काय खाऊ घातलं, असं त्यांच्या मनात येत राहिलं.

रविवारी आंद्रेनं गम्बो केला. मैदा तेलात चॉकलेटी होईपर्यंत परतायचा आणि त्यात कोंबडी, सॉसेज, भेंडी घालून दाट रस्सा शिजवायचा, हे त्याच्या गावाकडचं जेवण. श्रीरंगराव शाकाहारी, ते वासावरच समाधान मानत. जेवणं झाली तरी मोठं पातेलं अर्धं भरलेलं होतं. आंद्रे कामाच्या दौऱ्यासाठी बॅग भरू लागला. रीमा अनिकाला स्विमिंगला घेऊन निघाली. दारातून म्हणाली, "बाबा, गम्बोला हात नका लावू हं. मी येऊन बघते."

थोड्या वेळानं आंद्रेही विमानतळावर गेला आणि बर्फ पडायला लागलं. वाटेत अपघात झाल्यानं हायवे तुंबला आणि रीमाचा फोन आला, उशीर होईल म्हणून. श्रीरंगराव पातेल्याभोवती घुटमळत होते. दोन तासांच्या आत थंड व्हायला हवं, असं प्रत्येक ठिकाणी लिहिलेलं होतं. शेवटी त्यांनी सिंकमध्ये बर्फ ओतलं, पातेलं त्यात ठेवून ढवळत राहिले, मग गम्बो उथळ डब्यांत भरला. गोठल्यावर फुगतो म्हणून वर बोटभर जागा सोडली, झाकणांवर तारखेच्या चिकटपट्ट्या लावल्या आणि डबे फ्रीझरमध्ये सुटे सुटे मांडले.

"आंद्रेनं जाता जाता पॅक केलं वाटतं. गुड," फ्रीझर उघडून रीमा म्हणाली. श्रीरंगराव ओटा पुसत राहिले. हात लावू नका म्हटलं होतं. लावला, हे सांगायचं कसं?

गुरुवारी बर्फामुळे शाळा बंद होती आणि रीमाला मीटिंग चुकवता येत नव्हती. ती सँडविच करून ठेवून गेली. अनिकानं ते उघडून बघितलं, बंद केलं. "आजोबा, आय वॉन्ट डॅडीज गम्बो."

त्यांनी गोठलेला गोळा तसाच पातेल्यात घातला, थोडं पाणी ओतलं, तळाला लागू नये म्हणून ढवळत राहिले. ताजा भात लावला. चांगली उकळी आल्यावर मधोमध थर्मामीटर धरून आकडा बघितला, मग वाडगा भरला. अनिका खाऊ लागली. फुंकर घाल, फुंकर घाल, असं म्हणत ते तिच्याकडे बघत उभे राहिले. किती दिवसांनी ती त्यांच्या हातचं खात होती!

तेवढ्यात गराजचं दार वाजलं. मीटिंग लवकर संपली होती. रीमा आत आली ती शेगडीवर खदखदणारं पातेलं बघूनच थबकली.

"बाबा, हे काय? परत उकळताय?"

"गम्बो आहे. उकळावाच लागतो गं, मधोमध एकशे पासष्ट फॅरनहाइट..."

"बाहेर कधीपासून होता?"

"बाहेर नव्हताच. फ्रीझरमधला..."

"मागच्या वेळी पण तुम्ही असंच छातीठोक सांगितलंत. उकळी आणलीय, काही होत नाही!"

सांगितलं होतं खरं. रीमानं वाडगा ओढून घेतला आणि सगळं कचऱ्यात रिकामं केलं, पातेल्यातलंही.

"मॉम! आय वॉज ईटिंग दॅट!"

श्रीरंगराव खोलीत जाऊन बसले. हळूहळू त्यांना स्वतःचीच शंका येऊ लागली. त्या दिवशी दोन तास उलटून तर गेले नव्हते? थर्मामीटरचा आकडा आपण नीट वाचला का?

संध्याकाळी आंद्रे परतला, त्यानं फ्रीझर उघडला आणि इंग्रजीत म्हणाला, "रीमा, किती छान पॅक केलंस! माझी आईसुद्धा इतकं नीट करत नाही."

"मी कुठं? तूच केलंस ना?"

दोघांनी वळून बघितलं. "मी केलं," श्रीरंगराव चोरी पकडल्यासारखे म्हणाले.

रीमाचा चेहरा उतरला. "सॉरी, बाबा. पण मला सांगायचं ना."

"तू हात लावू नका म्हणाली होतीस." आणि मग, न राहवून, "आता तरी अनिका राहील ना माझ्याजवळ?"

"ऑफिसातल्या प्रीताकडे अनिकाला ठेवायचं मी दुपारीच कन्फर्म केलं. तिनं सुट्टी टाकलीय, आता कॅन्सल कसं करू?" ती त्यांच्याजवळ येऊन बसली. "आणि खरं सांगू? आज तुमचं बरोबर होतं. पण तिकडे लग्नात मला सारखी धडधड होत राहणार. दोन दिवस तरी मला निवांत राहू द्या."

ती हे इतकं प्रेमानं म्हणाली की त्यांना चिडताही येईना.

शुक्रवारी प्रीता अनिकाला न्यायला आली. बूट न काढताच दारातून म्हणाली, "काका, तुम्ही पण चला ना आमच्याकडे. एकटे काय करणार?"

"नको गं," अनिकाच्या जॅकेटची चेन लावत रीमाच म्हणाली, "बाबांना एकटं राहायलाच आवडतं. पुस्तकं आहेत त्यांची."

"मज्जा आहे मग काकांची!"

"हो," श्रीरंगराव म्हणाले, आणि थंडी आत येत होती म्हणून प्रीता-अनिकाच्या मागे दार लावून घेतलं.