खेकड्यानं बोट धरलं की

“आक्का, बघ की गं बुट्टी,” म्हणत मनुबाई दारातच उभी राहिली.

वेताची बुट्टी काठोकाठ खेकड्यांनी भरली होती. यल्लूबाईने तांदूळ निवडता निवडता मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. जिला जन्मात खेकड्याच्या बिळाजवळ जायचा धीर झाला नव्हता, ती धाकटी जाऊ आज मुद्दाम वाट वाकडी करून थोरलीला बुट्टी दाखवायला आली होती.

यल्लूबाईचा गल्लीतला मान दोन गोष्टींवर उभा होता. एक तिची जीभ आणि दुसरे खेकडे. भाताच्या बांधातल्या बिळात कोपरापर्यंत हात घालून ती खेकडा काढायची. बोटांवरच्या नांग्यांच्या खुणा ती पाटल्यांसारख्या मिरवायची. सुनांना शिकवताना म्हणायची, “खेकड्यानं बोट धरलं की हात मागं वडायचा न्हाय. गप ऱ्हायाचं. त्योच सैल पडतोय.” गल्लीतली लेक बाळंतपणाला आली की रस्सा यल्लूबाईच्या हातचा, हे ठरलेलं. आणि आता सख्खी पुतणी जया, मनुबाईची लेक, आठव्या महिन्यात माहेरी आलेली, तर तिची आईच बुट्टी भरून निघाली.

“कुठं घावलं एवढं?”

“बांधावर. आपसूक वर आल्यात गं. नुसतं येचायचं काम.”

यल्लूबाईने त्यातला एक उचलला, त्याच्या नांगीत बोट दिलं. नांगी जराशी हलली. धरलं नाही.

“मने, ज्येनं बोट धरलं न्हाय त्यो खेकडा न्हवं. वांगं हाय वांगं.”

“तुला बघवत न्हाय म्हण की,” मनुबाई म्हणाली आणि हसत निघून गेली.

तेही खरंच होतं. बघवत नव्हतंच. निवडलेले तांदूळ तसेच टाकून यल्लूबाईने आपली बुट्टी उचलली. जयाच्या ताटात खरा खेकडा पडेल तर आपल्याच हातचा, असं तिने मनाशी ठरवलं आणि ती शेताकडे निघाली.

पावसाने उघडीप दिली होती. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. गुंजीकडच्या या शेतांत नवं भात आलं होतं, भातामागून औषध आलं होतं आणि औषधामागून पाठीवरचा पंप. परवाच धाकट्या दिराने, मनुबाईच्या नवऱ्याने रवळूने, सगळं शेत फवारून काढलं होतं. तो उग्र वास अजून गेला नव्हता.

पहिलं बीळ रिकामं. दुसरंही. तिसऱ्यात खेकडा होता, पण उलथा पडलेला. वाफ्यातल्या पाण्यावर बारकी मासळी पोटं वर करून तरंगत होती. यल्लूबाई बांधावर उकिडवी बसली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, एकही बेडूक ओरडत नव्हता. आषाढ सरत आलेला आणि शेत गप्प. तोवर तिला जावेचा राग होता. आता तिने बिळात घातलेला हात पदराला खसाखसा पुसला.

ती शिकली ती दुसरीपर्यंत. औषधातलं तिला काही कळत नव्हतं. पण धरणारं जनावर धरत नाही म्हणजे त्याला काहीतरी बाधलंय आणि तेच आता पोरीच्या पोटात जाणार, एवढं तिला कळलं. ती पळत सुटली.

वाटण्या झाल्यापासून तिने मनुबाईचा उंबरा ओलांडला नव्हता. त्या दिवशी ओलांडला. जया रिकामं ताट पुढे घेऊन बसली होती. यल्लूबाईने पदराने धरून चुलीवरचं भांडं उचललं, घरामागच्या परड्यात नेलं, खड्डा काढून रस्सा त्यात ओतला आणि वर माती लोटली.

मनुबाईने गल्ली गोळा केली. माझं भरलेलं हिला कधी बघवलं नाही, पोटुशीच्या तोंडचा घास काढला, असं बरंच काही. यल्लूबाईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “खेकड्यानं धरलं न्हाय, मने. सगळं शेत गप पडलंय.”

कोणीतरी हसलं.

“मीठ बघाय किती खाल्लंस?” यल्लूबाईने मनुबाईला विचारलं.

“वाटीभर खाल्लं. काय करतीस?”

दिवेलागणीला मनुबाईला आचके आले. गाडी जुंपून तिला खानापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरने रवळूला, भातावर काय मारलं होतंस, एवढंच विचारलं आणि उत्तर ऐकून मान हलवली. रवळूने ते घरात सांगितलं, गल्लीत नाही. गल्लीत झालं ते एवढंच, की यल्लूबाईची नजर लागली. जिच्या जिभेला गाव भीत होतं, तिने यावर चकार शब्द काढला नाही. नजर खोटी होती. पण बघवलं नव्हतं, हे खरं होतं. आणि अर्ध्या खऱ्याशी भांडायची तिला सवय नव्हती.

श्रावणात जया सुखरूप बाळंत झाली. मनुबाईही घरी आली, पण उजवा हात थरथरायचा तो थांबेना. गणपती गेल्यावर जयाने निरोप धाडला, मोठ्याई, तुझ्या हातचा रस्सा पाहिजे.

यल्लूबाई शेतात गेली. पावसाने बिळं धुऊन निघाली होती. एकेका बिळात हात घालून ती वाट बघत राहिली. आत नुसता गार चिखल होता.

घरी येऊन तिने हात धुतले आणि हुलग्याचं कढण करून जयाकडे नेलं. जयाने वाटी बघितली, प्याली आणि म्हणाली, “आईलाबी दे की.”

मनुबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. यल्लूबाईने वाटी तिच्या तोंडाला लावली. दोन घोट गेले.

“मीठ कमी हाय.”

“बघितलंच न्हाय मी. मीठ बघायचं काम तुझं.”

मनुबाईचा थरथरता हात वर आला. वाटी लोटायला की धरायला, तिचं तिला ठाऊक. तो वाटीला लागलाच नाही. यल्लूबाईच्या बोटात अडकला आणि नखं रुतेपर्यंत घट्ट झाला.

यल्लूबाईने हात मागे ओढला नाही. गप राहिली.