आईला एक, धाकटीला एक

धाकटी नव्वदीला टेकली होती, तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. हे नाव ज्यांनी दिले ते आई, दादा आणि मधला भाऊ यांच्यापैकी कोणी उरले नव्हते. नाव तेवढे उरले होते. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे 'धाकटीबाई' अशी हाक मारत आणि तिला त्यात काही वावगे वाटत नसे.

तिला एकच गोष्ट हवी होती. दादाच्या थडग्यावर दादाचे नाव.

दादा युद्धावर गेला तेव्हा ती शाळेत होती. समुद्रापलीकडच्या एका नदीवरचा पूल ओलांडताना त्याची तुकडी माऱ्यात सापडली आणि तो मेला, एवढे लष्कराने कळवले. त्याला कुठे पुरले हे कळवले नाही, कारण ते लष्करालाही माहीत नव्हते. युद्ध संपल्यावर नदीकाठची घाईघाईत खणलेली थडगी उकरली गेली आणि सगळी प्रेते एका मोठ्या दफनभूमीत हलवली गेली. ज्यांची ओळख पटली त्यांच्या दगडावर नाव आले. बाकीच्यांच्या दगडावर 'एक सैनिक' एवढेच कोरले गेले. दादा त्यांच्यातला एक असणार, पण कोणता, ते सांगणारे कोणी नव्हते.

शोधण्याचे काम पुतणीने अंगावर घेतले होते. ती मधल्या भावाची मुलगी. वडील गेल्यापासून आत्याजवळ राहायची आणि भूमापन कार्यालयात नकाशे काढायची. सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर दादाच्या तुकडीचे कागद पसरलेले असत: हजेरीपट, रोजनिशीच्या नकला, इस्पितळाचे दाखले, नदीचे जुने नकाशे. नदीने तेव्हापासून दोनदा पात्र बदलले होते, त्यामुळे तिने जुना काठ नव्या नकाशावर स्वतः बसवला होता. जेवायची वेळ झाली की धाकटी ताटे हातात घेऊन उभी राहायची आणि टोमणा मारायची. लोकांच्या जमिनीच्या हद्दी बिनचूक लावतेस, पण आपल्या माणसाची चार हात जागा काही तुला सापडत नाही. पुतणी म्हणायची, लोकांच्या जमिनी हलत नाहीत, आत्या. मग कागद गोळा व्हायचे आणि दोघी जेवायला बसायच्या.

या घराची एक आवडती गोष्ट होती. पाहुणे आले की धाकटी ती सांगायचीच.

दादाने नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा घरी काही पाठवले, तो आईसाठी एक आरसा होता. धाकटीने दिवसभर तोंड फुगवले आणि रात्री दादाला पत्र लिहिले की आईला एक तर मलाही एक. तेव्हापासून दादाकडून जे येई ते दोन येई. दोन कंगवे, दोन रुमाल, दोन साबणाच्या वड्या. लष्करात गेल्यावरही ते थांबले नाही. बराकीतल्या पोरांनी त्याला 'दुकानदार' म्हणायला सुरुवात केली होती.

युद्ध संपल्यावर त्याचा एक सोबती घरी आला. इतका उंच की दारातून वाकून आत आला. धाकटीने त्याचे नाव तिथल्या तिथे 'उंट' ठेवले. तो खुर्चीच्या कडेवर बसला, पाणी घेतले नाही. मग त्याने खिशातून दोन चकत्या काढल्या. सैनिकांच्या गळ्यात एकाच दोरीत असतात त्या ओळखीच्या चकत्या. दाबलेल्या पुठ्ठ्यासारख्या टणक, वर नाव आणि क्रमांक ठोकलेला. एक गोल आणि एक आठ कोपऱ्यांची. उंट म्हणाला की दादा सारखा सांगायचा, घरी काही न्यायचं तर दोन न्यायचं, नाहीतर धाकटी घर डोक्यावर घेते. म्हणून दोन्ही आणल्या.

आई त्या दिवशी पहिल्यांदा रडली, आणि रडता रडता हसलीही. ती धाकटीला म्हणाली, आधी तू घे. धाकटीने कोपऱ्यांची घेतली. आईने गोल चकती शेवटपर्यंत उशाशी ठेवली आणि ती तिच्याबरोबरच गेली. धाकटीची तिच्या गळ्यात बारीक साखळीत होती. अक्षरे झिजली होती, पण अंगठा फिरवला की क्रमांक अजून लागायचा. गोष्ट संपवताना ती चकती पाहुण्यांच्या हातात द्यायची आणि म्हणायची, बघा, मेल्यावरसुद्धा वाटणी चुकवली नाही माझ्या भावाने.

लष्करी अभिलेखागारातले एक अधिकारी पुतणीच्या ओळखीचे झाले होते. फोनवर ते सारखे खोकत, म्हणून या घरात त्यांचे नाव 'खोकलेसाहेब' पडले होते. अनाम थडग्यांची प्रकरणे पुन्हा तपासायला एक समिती नेमली गेली, तेव्हा पुतणीला अर्ज करायला त्यांनीच सांगितले. अर्जात एक प्रश्न होता, मृताच्या कोणत्या वस्तू कुटुंबाकडे आहेत? पुतणीने लिहिले, 'ओळखचकती, एक.' घरात एकच होती. जागेवर जाऊन मोजता येईल तेवढेच लिहायचे, ही तिच्या कामाची शिस्त होती.

खोकलेसाहेबांचा फोन दुपारी पुतणीच्या कार्यालयात आला. त्यांना घाई झालेली दिसत होती. प्रेते हलवणाऱ्या पथकाने प्रत्येक प्रेताची नोंद ठेवली होती आणि ती त्यांनी मागवून घेतली होती. नदीकाठच्या बहुतेक अनामांच्या नोंदी सारख्याच होत्या. चकती कुजलेली, वाचता येत नाही. किंवा गळ्यात काहीच नाही. एकच नोंद वेगळी होती. उंची तुमच्या काकांइतकी, पुढचा एक दात अर्धा तुटलेला, तोही इस्पितळाच्या दाखल्याशी जुळतो. गळ्यात दोरी आहे, धारदार पात्याने कापलेली. चकती एकही नाही.

"बाकीच्यांच्या हरवल्या," ते म्हणाले. "याच्या कोणीतरी काढून घेतल्या. तुमच्याकडे आहे ती गोल ना?"

"नाही. कोपऱ्यांची."

पलीकडे खोकलाही थांबला. मग त्यांनी विचारले, गोल कुठे आहे? पुतणीने सांगितले की ती आजीकडे होती. दोन्ही घरी आल्या होत्या.

मग त्यांनी समजावून सांगितले. आवाजात त्यांना आनंद लपवता येत नव्हता, कारण वर्षानुवर्षांचे कोडे सुटले होते. चकत्या दोन असतात त्याला कारण आहे. माणूस पडला की गोल चकती काढायची आणि कार्यालयाकडे पाठवायची. कोपऱ्यांची कधीच काढायची नाही. ती प्रेताबरोबर मातीत जाते, म्हणजे पुढे कोणी उकरले तर हा कोण हे कळावे. सोबत्याने गडबडीत, बहुधा मायेपोटी, दोन्ही काढल्या. त्यामुळे तुमचे काका अनाम झाले. आणि त्यामुळेच आज सापडलेही. आता समितीला एवढेच हवे होते: दोन्ही चकत्या घरी कोणी आणल्या आणि का आणल्या, याचा डोळ्यांनी पाहणाऱ्या माणसाचा सहीचा जबाब. असे कोणी हयात आहे का?

पुतणी म्हणाली, आहे.

त्या आठवड्यात ती घरी काहीच बोलली नाही. धाकटीने दोनदा विचारले की खोकलेसाहेब जिवंत आहेत ना. पुतणीने जबाब स्वतःच लिहून काढला. मोजक्या ओळी, स्वच्छ अक्षरात. त्यात तिने लिहिले की मृताच्या सोबत्याने आठवण म्हणून स्वतःहून दोन्ही चकत्या आणून दिल्या. रविवारी सकाळी चहाबरोबर तिने कागद आत्यासमोर ठेवला. समितीची औपचारिकता आहे, इथे सही कर, म्हणाली.

धाकटी निवृत्त होईपर्यंत कोर्टात टंकलेखिका होती. हजारो साक्षीदारांचे जबाब तिच्या बोटांखालून गेले होते. तिने भिंग मागितले.

वाचून झाल्यावर तिने विचारले, चकत्या किती आल्या आणि का आल्या, याच्याशी दगडाचा काय संबंध? पुतणी म्हणाली, नियम असतो. धाकटी म्हणाली की नियम तिला माहीत असतात, कारण सांग. पुतणीने चहा गार होतोय असे सांगून पाहिले. धाकटीने कप बाजूला सारला आणि बोटे टंकयंत्रावर ठेवल्यासारखी वाट पाहत बसली.

मग पुतणीने सगळे सांगितले. दोरी, धारदार पाते, उकरणारे पथक, दोन चकत्यांचा नियम. सांगताना तिने कुठेच शब्द मऊ केला नाही, कारण आता त्याचा उपयोग नव्हता.

धाकटीचा हात गळ्याशी गेला होता.

"राहायची ती कुठली?"

"कोपऱ्यांची."

"ही."

"हो."

धाकटीने चकतीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, आईने मला आधी निवडायला सांगितलं होतं. पुतणी म्हणाली, तोपर्यंत दोन्ही घरी आल्याच होत्या, तू कुठलीही घेतली असतीस तरी फरक पडला नसता. धाकटी म्हणाली, दोन्ही का आल्या? यावर पुतणीजवळ उत्तर होते, आणि ते दोघींना माहीत होते. ही गोष्ट या खोलीत किती पाहुण्यांनी हसत ऐकली होती.

पुतणीने दुसरीकडून प्रयत्न केला. गळ्यात राहिली असती तरी कदाचित कुजली असती, इतरांच्या कुजल्याच. उलट दोरी कापलेली होती म्हणून तो सापडला.

"कदाचित," धाकटी म्हणाली. "आई त्याच्या थडग्याची वाट बघत गेली. तिला कदाचित वाचता आलं असतं त्याचं नाव."

तिने पेन मागितले. पुतणीला वाटले, सही करणार. धाकटीने भिंग धरून 'आठवण म्हणून स्वतःहून' या शब्दांवर सरळ रेघ ओढली. टंकलेखिकेची रेघ, खालचे अक्षर वाचता येईल अशी.

"लिही. मृताची बहीण प्रत्येक गोष्टीत वाटणी मागत असे. हे सोबत्याला माहीत होतं. म्हणून त्याने दोन्ही आणल्या."

"आत्या, याची गरज नाही. समितीला एवढं नकोय."

"का आणल्या असं विचारलंय ना त्यांनी?"

"शाळकरी पोर होतीस तू."

"जबाब माझा आहे की तुझा?"

पुतणीने लिहिले. धाकटीने ते पुन्हा वाचले, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि सही केली. नंतर ती आत जाऊन पडली. दुपारी जेवायला उठली नाही.

त्यानंतर ती गोष्ट त्या घरात सांगितली गेली नाही. एकदा शेजारीण नव्या सुनेला घेऊन आली आणि म्हणाली, धाकटीबाई, हिला तुमच्या भावाची ती गंमत सांगा ना. धाकटी म्हणाली, आता आठवत नाही, आणि सुनेकडे तिच्या माहेरची चौकशी करत राहिली.

समितीने अर्ज मंजूर केला. जबाबाबद्दल पत्रात खास आभार मानले होते. नवा दगड बसल्याचे कळले तेव्हा धाकटीने प्रवासाची तयारी सुरू केली, पण डॉक्टरांनी विमानाचे नाव काढू दिले नाही. तिला जिना उतरतानाही धाप लागत होती. पुतणी एकटी निघाली. निघायच्या दिवशी धाकटीने साखळी काढून चकती मोकळी केली आणि पुतणीच्या तळहातावर ठेवली. साखळीची गळ्यावर एक बारीक पांढरी रेघ उमटलेली होती. पुतणीने सांगितले की तिथे काही पुरायला मनाई आहे, पाटीच लावलेली आहे. धाकटी म्हणाली, मग काढतील तेव्हा काढतील.

दफनभूमी एका उतारावर होती. गवत कापलेले, दगड पांढरे, एकसारखे. दुरून त्यांच्यात काहीच फरक दिसत नव्हता. पुतणीने आराखडा बरोबर नेला होता, तरी ती आधी चुकीच्या रांगेत शिरली. खालच्या टोकाला एक माळी हातगाडी ढकलत होता. त्याची पाठ वळेपर्यंत ती थांबली आणि मग फोन लावला.

धाकटीने पहिल्याच घंटेला उचलला. सापडला का, तिने विचारले. पुतणीने सांगितले की सापडला, कडेचा आहे, एका बाजूला कोणी नाही, पलीकडे कुंपण आणि शेत. नाव नीट आहे का? नीट आहे, एकही चूक नाही. धाकटीने तिला ते मोठ्याने वाचायला लावले. पुतणीने वाचले, नाव, हुद्दा, क्रमांक. क्रमांक वाचून होण्याआधी धाकटीने शेवटचे आकडे स्वतःच म्हटले.

"पायाकडे नको घालूस," ती म्हणाली. "डोक्याकडे. गळ्याजवळ येईल अशी."

पुतणी दगडापाशी गुडघे टेकून बसली. घराच्या किल्लीने तिने गवताची कड उचलली आणि माती उकरली. फोन तिने खांद्याशी दाबून धरला होता.

"किती खोल?"

"बोटभर."

"अजून थोडं."

किल्ली दगडाला लागली. तिने बाजूने उकरले, चकती उभी आत सरकवली आणि वरून माती लोटली. झालं, ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आले तसे तिने म्हटले की आत्या, तुला आता काहीच राहिलं नाही.

"आईला एक, त्याला एक," धाकटी म्हणाली. "मला नको."

तिने फोन ठेवला नाही. पुतणीनेही ठेवला नाही. माळी हातगाडी घेऊन रांगेच्या टोकाशी वळला, तोपर्यंत ती एका हाताने गवत सारखे करत होती, आणि पलीकडून धाकटीचा श्वास ऐकू येत होता.