ड्रायव्हरमामांचा चष्मा

धाकट्याचं वय सेहेचाळीस होतं, टक्कल आता कंगव्यालाही दाद देत नव्हतं, तरी घरात तो धाकटाच होता. ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिने एकदा ‘धाकट्या’ म्हणून हाक मारली, की कितीही मोठा माणूस असो, त्याचे पाय आपोआप तिच्याकडे वळत.

शहरातल्या एका मोठ्या चष्म्याच्या दुकानात तो मागच्या खोलीत काम करायचा. पुढे दिवे, आरसे, गोड बोलणाऱ्या मुली. मागे तो, भिंगं घासायचं मशीन, त्यावर पडणारी पाण्याची बारीक धार आणि एक खिडकी, जिच्यातून समोरच्या इमारतीचे पाइप दिसत. नंबर काढायची परीक्षा तो केव्हाच पास झाला होता. पण मालकांना त्याचा हात फार पसंत. “तुझ्यासारखी काच दुसरा कोण बसवणार?” असं म्हणून ते पाठीवर थाप मारत, आणि हा पुन्हा मशीनपाशी. अशी वीस वर्षं गेली.

बायको लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होती. मुलगी यंदाच शिकायला परगावी गेलेली. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आता दोघंच, आणि बायकोच्या पाळ्यांमुळे पुष्कळदा एकटाच. गॅलरीत उभं राहून तो म्हणायचा, “एकदा का हे सगळं सुटलं, की...”

“...गावाला जाऊन राहू,” बायको वाक्य पुरं करायची. “पाठ झालंय मला. डबा विसरू नका.”

गावी ताईची रोपवाटिका होती. शिडीवरून पडून तिचं मनगट मोडलं, तेव्हा धाकट्याने तीन आठवड्यांची रजा टाकली आणि गाव गाठलं. गाव सोडून त्याला सत्तावीस वर्षं झाली होती.

पहिले तीन दिवस त्याला स्वर्ग दोन बोटं उरला. चौथ्या दिवशी पाठ बोलायला लागली. मातीने पिशव्या भरायच्या, रोपं लावायची, झारीने पाणी घालायचं, आणि हे सगळं ताई खुर्चीत बसून बघणार. “अरे, पाणी घालतोयस की आंघोळ घालतोयस? मुळं कुजतील!” संध्याकाळी वीज जायची. गप्पा माराव्यात तर ताई साडेआठला घोरायला लागायची. त्याला शहरातला तो रस्ता आठवे, जिथे कुणी ओळखत नाही आणि कुणी विचारतही नाही. इथे त्याने दुकानातून साबण आणला तरी तिघांनी विचारलं, “साबण संपला वाटतं?”

पण सहाव्या दिवशी शेजारीण रोपं न्यायला आली. तिच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. धाकट्याच्या खिशात बारीक पेचकस कायम असायचा. दोन मिनिटांत त्याने काडी बसवून दिली.

गावात बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सात माणसं. कुणाची काच तडकलेली, कुणाचा नंबर बारा वर्षांपूर्वीचा. एक बाई तर वारलेल्या नवऱ्याचा चष्मा लावून शिवणकाम करत होती. “त्यांच्या डोळ्यांनी बघते झालं,” असं म्हणायची आणि सुई बोटात घुसवून घ्यायची. चष्म्याचं जवळचं दुकान बसने अडीच तासांवर. एवढ्यासाठी कोण दिवस मोडणार?

धाकट्याने बायकोला फोन करून माळ्यावरची भिंगांची जुनी पेटी बसने मागवून घेतली. ताईच्या ओसरीवर भिंतीला अक्षरांचा तक्ता टांगला. दोघांना मोतीबिंदू निघाला. त्यांना त्याने रुग्णालयात जायला सांगितलं, नुसतं सांगून न थांबता त्यांच्या मुलांना फोनही केले. बाकीच्यांचे नंबर वहीत उतरवून घेतले. मागच्या खोलीत त्याच्या हाती फक्त काचा येत. इथे पहिल्यांदाच काचेमागचं माणूस समोर बसलं होतं, आणि तक्त्यावरचं शेवटचं अक्षर वाचता आलं की लहान मुलासारखं हसत होतं.

“रंगलास की रे,” ताई म्हणाली.

“वेळ जातो,” तो म्हणाला. पण त्याला माहीत होतं, वेळ जात नव्हता. वेळ पुरत नव्हता.

मग तो बसचा प्रसंग घडला. खत आणायला धाकटा बाजाराच्या गावी गेला होता. परतताना तो ड्रायव्हरमामांच्या अगदी जवळच्या बाकावर बसला. या वाटेवर दिवसातून एकच बस, आणि ती सतरा वर्षं मामाच चालवत होते. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. एका वळणापाशी मामांनी करकचून ब्रेक दाबला, दार उघडलं आणि बाहेर बघून ओरडले, “चला, चढा लवकर! किती वेळ उभं राहणार?”

बाहेर शेताच्या कडेला जुना कोट आणि गवती टोपी घातलेलं बुजगावणं उभं होतं.

बसमध्ये हशा पिकला. “मामा, त्याचं तिकीट मी काढतो!” कुणीतरी मागून म्हणालं. “म्हातारा आहे, अर्धं घ्या!” मामाही हसले आणि बस पुढे निघाली. गावात मामांच्या थट्टा प्रसिद्धच होत्या. ही त्यांतलीच एक, असं सगळ्यांनी धरलं.

धाकटा मात्र हसला नाही. दार उघडताना मामांनी डोळे कसे बारीक केले होते, ते त्याने पाहिलं होतं.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. मामा बादली घेऊन बसची पुढची काच धुवायला लागले. धाकटा जवळ गेला.

“मामा, ती पाटी वाचून दाखवता?”

“कुठली?”

“समोरची. शाळेवरची.”

मामांनी फडकं पिळलं. “त्यात काय वाचायचं? शाळेचं नाव आहे.”

“शाळा मागे आहे, मामा. समोर दवाखाना आहे.”

मामांचा हात थांबला. इकडेतिकडे कुणी नाही हे बघून ते हळूच म्हणाले, “सतरा वर्षं हा रस्ता चालवतोय. प्रत्येक खड्डा माझ्या ओळखीचा आहे. डोळे मिटून चालवीन मी बस.”

“तेच तर करताय.”

मामा पायरीवर बसले. पूर्वी दिसायचं, म्हणाले. दोन-तीन वर्षांत लांबचं पुसट होत गेलं. डेपोत कळलं तर बस काढून घेतील, आणि बस गेली तर या वाटेवर यायला दुसरा कुणी राजी नाही. आधी बोलायची लाज वाटली, मग भीती वाटली, मग सवयच झाली.

“उद्या रस्त्यावर बुजगावणं नसेल, मामा. पोर असेल.”

“बोलू नकोस रे तसं.”

“मी कुणाला सांगणार नाही. पण चष्मा येईपर्यंत तुम्ही स्टीअरिंगला हात लावायचा नाही. आणि चष्मा आला की तुम्ही स्वतः डेपोत जाऊन सांगायचं. चालवलीत, तर मी त्याच दिवशी डेपोत फोन करतो.”

मामांनी बादलीतलं पाणी ओतून दिलं. मग म्हणाले, “पाठ धरली म्हणून सांगतो डेपोत.” धाकट्याने त्यांना ओसरीवर नेऊन नंबर काढला. दोन्ही डोळ्यांना मोठा मायनस. दोन-तीन वर्षं हा माणूस रस्ता पाहत नव्हता, आठवत होता.

दुसऱ्या दिवशी बदली ड्रायव्हरच्या बसने धाकटा शहरात गेला. दुकानात शिरताच मालकांनी त्याला आत बोलावलं. नंबर काढणारे डॉक्टर नोकरी सोडून चालले होते.

“पुढची खोली आता तुझी,” मालक म्हणाले. “खूप वाट बघितलीस.”

धाकटा त्या खोलीत जाऊन उभा राहिला. अंधारी, गार खोली. उंच-ठेंगणी होणारी काळी खुर्ची, भिंतीवर उजळलेला तक्ता. त्याने खुर्चीला एक गिरकी दिली. आनंद झाला, अगदी खरा आनंद. मग मशीनपाशी जाऊन त्याने मामांच्या काचा घासायला घेतल्या, आणि नेमकी तेव्हाच त्याला ताईची ओसरी आठवली.

संध्याकाळी तो चालत घरी निघाला. फळवाल्याने लांबून हात केला. दिव्यांखाली माणसांची झुंबड होती, कुणी भांडत होतं, कुणी गाणं गुणगुणत होतं. हे सगळं त्याला आवडत होतं. शहर काही त्याचं वैरी नव्हतं. जिथे नाही तिथलं चांगलं वाटायचा रोग जडलाय की काय आपल्याला, त्याला वाटलं.

बायको पाळी संपवून आली. गॅलरीत ताटं घेऊन दोघं जेवायला बसली, तेव्हा त्याने सगळं सांगितलं. बुजगावणं ऐकून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने ताट बाजूला ठेवलं.

“दोन दिवस सुट्टी आहे मला,” ती म्हणाली. “तुमचं गाव आणि तुमचा तो ड्रायव्हर, दोन्ही एकदा नीट बघते.”

दोघं गावी पोहोचली, तेव्हा मामा ओसरीवर आधीच येऊन बसले होते. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू कुणी त्यांना बघायला येणार होतं. धाकट्याने चष्मा त्यांच्या नाकावर बसवला, काड्या कानामागे वाकवून नीट केल्या आणि बाजूला झाला.

मामांनी तक्ता बघितला नाही. ते अंगणाच्या पलीकडे टेकडीकडे बघत होते.

“झाडं सुटी सुटी आहेत,” शेवटी ते म्हणाले. “मला वाटायला लागलं होतं, टेकडी नुसती हिरवीच आहे.” मग ताईकडे वळून म्हणाले, “ताई, तुमचे केस पांढरे कधी झाले हो?”

“तुम्हाला दिसायला लागल्यापासून!” ताई म्हणाली. सगळे हसले, आणि मामांनी चष्मा न काढताच त्याच्याखालून डोळे पुसले.

त्या संध्याकाळी नवरा-बायको रोपांच्या वाफ्यांमधून चालत होते. धाकट्याने विचारलं, “कसं वाटतं तुला इथे?”

“छान वाटतं. दोन दिवस छान वाटतं,” ती म्हणाली. “तिसऱ्या दिवशी मी भिंतीशी बोलायला लागेन. माझी पोरं तिकडे आहेत, अहो, वॉर्डातली. मला त्यांचा गोंगाट लागतो. मी इथे राहायला येणार नाही, हे आत्ताच सांगते.”

“मग मीही नाही.” त्याने मान खाली घातली. “पुढची खोली मिळतेच आहे.”

“मी माझ्या न येण्याबद्दल बोलले. तुम्ही जाऊ नका, असं कुठे म्हणाले?” ती थांबली. “आठवड्यातले तीन दिवस तर आपली गाठ तशीही फक्त दारात पडते. एक आत येतो, दुसरा बाहेर जातो. ते तीन दिवस तुम्ही इथे काढलेत, तर आभाळ कोसळणार आहे का?”

“लोक म्हणतील, धड ना इकडचा, धड ना तिकडचा.”

“लोक साबणाबद्दलही विचारतात. तुम्हीच सांगितलंत.”

मालकांनी हे ऐकून कपाळाला हात लावला. “दोन दगडांवर पाय ठेवून कुणी तरलंय का?” पण पुढच्या खोलीला दुसरं माणूस मिळेना, आणि धाकटा पहिल्यांदाच हटून बसला होता. चार दिवस दुकानात, तीन दिवस गावात. तीन महिने करून बघू, यावर सौदा ठरला.

सोपं मुळीच नव्हतं. पहिल्या महिन्यात तो दोनदा चुकीच्या ठिकाणी चुकीची चप्पल विसरला, एकदा बसमध्ये असा झोपला, की गावाला पोहोचून बस परत फिरल्यावरच जागा झाला. ताई म्हणायची, राहतोस तर नीट राहा. शहरात दोस्त म्हणायचे, आता काय, पाहुणाच तू. कधी कधी अडीच तासांच्या त्या वाटेवर त्याला वाटे, आपण कुठलेच नाही. पण बस थांबली, की उतरायला जागा असायची, आणि दोन्ही टोकांना कुणीतरी त्याची वाट बघत असायचं.

मामा आपला शब्द राखून डेपोत गेले होते. साहेब आधी संतापले, मग त्यांनी मामांचे डोळे सरकारी दवाखान्यात पुन्हा तपासून घेतले आणि चष्मा लावायच्या अटीवर बस परत दिली. पण साहेब एवढ्यावर थांबले नाहीत.

तिसऱ्या महिन्यातल्या एका शनिवारी बायकोही सुट्टी घेऊन आली होती. सकाळची बस नेहमीच्या वेळेआधीच येऊन उभी राहिली. आतून प्रवासी उतरलेच नाहीत. उतरले ते खाकी शर्टातले नऊ ड्रायव्हर. डेपोतल्या सगळ्यांनी डोळे तपासून घ्यायचे, असा साहेबांचा हुकूम होता. अंगणात येऊन ते एकमेकांच्या पाठीमागे लपायला लागले.

“पहिला कोण?” धाकट्याने विचारलं.

“आधी याला घ्या.”

“मला कशाला? मला लख्ख दिसतं!”

धाकट्याने बायकोकडे बघितलं. तिने पदर खोचला आणि वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, “कुणालाही सुई टोचणार नाही आहोत. चला, एका ओळीत उभे राहा बघू सगळे.”

नऊच्या नऊ जण निमूटपणे ओळीत उभे राहिले.