तीन बोटांसाठी लिहिलेली सुरावट

मी एक सुरावट बोलतेय. चेलो, म्हणजे बसून पायांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, आणि पियानो यांच्यासाठी लिहिलेली, जेमतेम सात मिनिटांची, पण अंगात दम आहे माझ्या!

शाळेत पियानो शिकवणारी ताई एका सकाळी तळ्याकाठून चालली होती. धुकं विरलं आणि पाण्यावर उजेड असा काही थरथरला, की ती अर्ध्या वाटेतून धावत घरी आली. कोटही न काढता पियानोशी बसली. आठ सूर लिहिले आणि थबकली. चेलो कोण वाजवणार?

वाजवणारा घरातच होता, तिचा थोरला भाऊ. सुतारकाम करायचा. वर्षापूर्वी करवतीत त्याची डावी करंगळी गेली, तारा दाबायला तीनच बोटं उरली आणि चेलो कपाटामागे गेला. "तो विषय संपला," एवढंच म्हणायचा.

ताई हट्टाला पेटली. दादा कामावर गेला की स्वतःची करंगळी रुमालाने बांधायची, चेलो पुढ्यात घ्यायची, तारांवर गज ओढायची आणि माझा एकेक सूर तीन बोटांत बसतो का ते चाचपडायची. काय किंचाळायचे मी! पण रोज ओळभर वाढत होते, त्यातच खूश.

एका दुपारी दादा लवकर आला.

"अगं, गज आहे तो, करवत नाही!" मग ते बांधलेलं बोट दिसलं आणि त्याचा चेहरा उतरला. "कीव करतेस माझी?"

"कीव केली असती तर सोपं लिहिलं असतं. वाचून तर बघ."

त्याने वाचलं. "हा वरचा सूर कोण गाठणार? तुझा बाप?"

"दोघांचा एकच आहे, दादा."

तो हसला आणि हसता हसताच त्याने चेलो ओढून घेतला.

महिन्याभराने शाळेच्या सभागृहात आम्ही तिघं उभे ठाकलो. सरावात तो वरचा सूर दर वेळी निसटला होता. तो सूर जवळ आला. दादाने या वेळी हाताची उडी घेतलीच नाही. एकच बोट तारेवर दाबून तो खालून वर घसरत गेला, घसरत गेला... आणि सूर सापडला! ताई वाजवता वाजवता ओरडली, "हां!"

घरी जाताच तिने ती जागा खोडून तिथे मींड, म्हणजे सूर न तोडता घसरत जायची खूण, लिहिली.

आता मी छापली गेलेय. धडधाकट हातांचे वादकही मला तसंच घसरत वाजवतात. आज मला अनोळखी अशा दोन मैत्रिणी मला घेऊन मंचावर आल्यात. तुम्हाला एकच विनवणी: शेवटचा सूर पुरता विरेपर्यंत टाळ्या वाजवू नका, तोवर मी जिवंत असते.

तो बघा, गज उचलला! गप्प बसा बरं आता!