चौथी गुटी

दत्तात्रय सोमणांनी चौतीस वर्षं कारखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आणि त्यांना त्याचा कधी कंटाळा आला नाही. इन्स्पेक्शन खात्यात होते ते. मशीनवरून उतरलेला जॉब समोर आला की मोजायचा, उलटा करून पुन्हा मोजायचा आणि केसभर फरक निघाला तरी त्यावर नापासाचा लाल पट्टा ओढायचा. निवृत्त होऊन अवधपुरीत राहायला आल्यावर हा गृहस्थ भाजीवाल्याच्या तराजूत डोकं घालू लागला. तेव्हा त्यांच्या पत्नीने, मालतीबाईंनी, त्यांना पिपलानीच्या नर्सरीत नेऊन वैजयंतीबाईंच्या स्वाधीन केलं.

वैजयंतीबाई कारखान्याच्या टाउनशिपच्या उद्यान विभागातून निवृत्त झालेल्या. दर रविवारी सकाळी वीस-पंचवीस हौशी मंडळींना त्या बागकाम शिकवत. फी नाही, अट एकच. शिकलेलं पहिलं काम स्वतःच्या अंगणात करायचं नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी झाडावर करायचं. "आपलं झाड मेलं तर आपण दुसरं आणून मोकळे होतो," त्या म्हणत. "दुसऱ्याचं मेलं की जिवाला लागतं. तेव्हा कुठे हात शिकतो."

दत्तात्रयांच्या वाट्याला सिंधूताईंचा पेरू आला.

सिंधूताईंचे यजमान नरहर त्याच कारखान्यात, मशीन शॉपमध्ये टर्नर होते. त्यांनी क्वार्टरच्या मागे लावलेलं हे झाड. आतून गुलाबी, वासानेच घर भरून टाकणारा पेरू. निवृत्तीला क्वार्टर सोडताना पंखे, नळ, बल्बचे होल्डर सगळं यादीप्रमाणे परत करावं लागलं. झाडाची नोंद यादीत नव्हती, म्हणून ते तिथेच राहिलं. आता नरहर जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्या ओळीतली रिकामी क्वार्टर्स अनंत चतुर्दशीनंतर पाडणार होते. बी लावून हाच पेरू येईल याची खात्री नाही. फांदीला गुटी बांधून झाडावरच तिला मुळं फुटू द्यायची आणि मग ती कापून लावायची, एवढाच मार्ग होता.

"मला त्या झाडाचं एक रोप द्या, सोमणसाहेब," सिंधूताई म्हणाल्या. "दुसरं काही मागत नाही."

दत्तात्रयांनी मान डोलावली. नरहरच्या किती जॉबवर त्यांनी लाल पट्टे ओढले होते! आणि तोच नरहर दर हिवाळ्यात पिशवीभर पेरू इन्स्पेक्शनच्या टेबलावर ठेवून जायचा. साऱ्या नोकरीत दत्तात्रयांनी न तपासता घेतलेली तेवढी एकच वस्तू.

श्रावण लागताच त्यांनी चार गुट्या बांधल्या. पेन्सिलीएवढ्या फांदीवरून सालीची अंगठी सोलून काढली, त्यावर ओलं शेवाळ लावलं, वरून पारदर्शक प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीने आवळली. तीन गुट्या हाताशी, चौथी शिडीवर चढून उंच. प्रत्येकीला नंबराची चिठ्ठी आणि घरी रजिस्टर. वैजयंतीबाई येऊन बघून गेल्या. "छान. आता दीड महिना हात लावू नका. मुळं प्लास्टिकमधून दिसतील."

पण बाहेरून दिसेल त्यावर विश्वास ठेवणं दत्तात्रयांच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्याच शनिवारी त्यांनी एक नंबर हळूच सोडली. पांढरे बारीक ठिपके फुटले होते. काय आनंद झाला त्यांना! पट्टी लावून लांबी मोजली, रजिस्टरात लिहिली, गुटी पुन्हा बांधली. मग दोन नंबर, मग तीन. हे दर शनिवारी चाललं. चौथीही सोडली असती, पण शिडी गायब होती.

"सीढ़ी ठेकेदार ले गया, साहब," रिकाम्या क्वार्टर्सचा चौकीदार म्हणाला. दत्तात्रयांनी चौथीपुढे लिहिलं: तपासणी नाही.

सहाव्या आठवड्यात पहिल्या तिन्ही फांद्यांची पानं वाळली. वैजयंतीबाईंनी सुतळीच्या गाठी पाहिल्या आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"किती वेळा उघडलीत?"

"दर शनिवारी."

"कोवळी मुळं ती, सोमण. वारा लागला की गेली."

घरी ते जेवले नाहीत. मालतीबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "विश्वासलाही तुम्ही असंच दर आठवड्याला उघडून बघत होतात. म्हणून तो फोन करत नाही." विश्वास म्हणजे त्यांचा बंगळूरचा मुलगा. दत्तात्रयांना राग यायला हवा होता, आला नाही. रडू आलं.

दुसऱ्या दिवशी ते सिंधूताईंकडे गेले आणि आडपडदा न ठेवता म्हणाले, "वहिनी, तीन गुट्या मी मारल्या. माझ्याच हाताने. चौथीचं मला काही माहीत नाही."

सिंधूताईंनी पाण्याचा पेला तेवढा त्यांच्यापुढे सरकवला.

पाडकामाच्या आदल्या सकाळी चौकीदाराने कुठून तरी शिडी आणली. दुखऱ्या गुडघ्याने दत्तात्रय वर चढले. चौथ्या गुटीत, प्लास्टिकला आतून टेकून, पांढऱ्या मुळांचं जाळं होतं. एकदाही न तपासलेली, तीच तेवढी जगली होती. त्यांनी फांदी कापली आणि अंगावरच्या शर्टात गुंडाळून, बनियनवर स्कूटर चालवत घरी आणली.

सिंधूताईंच्या बाल्कनीत कुंडी लागली. आठवड्याभरात सगळी पानं गळाली. दुसरा रविवार गेला, तिसरा गेला. कुंडीत नुसती काडी.

"उपटून बघा ना जरा," सिंधूताईंनी विनवलं. "मुळं आहेत का मेली, एकदा कळू दे तरी."

दत्तात्रयांचा हात मातीकडे गेला. कुणी विनवून तपासायला सांगावं, असं चौतीस वर्षांत घडलं नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने पाठीमागे धरून ठेवला.

"नको, वहिनी. थांबू या."

दोघं काडीकडे बघत बसून राहिली.

पुढच्या गुरुवारी सकाळी चहाच्या वेळी फोन आला. "सोमणसाहेब, कोंब आलाय! तांबूस, तांदळाच्या दाण्याएवढा. येऊन तपासून जा."

"तुम्ही पाहिलात ना?"

"या डोळ्यांनी पाहिला."

"मग झालं," दत्तात्रय म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला. मालतीबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. रजिस्टर कपाटावर होतं, ते तिथेच राहिलं. थोड्या वेळाने त्यांनी फोन पुन्हा उचलला आणि विश्वासचा नंबर लावला. जेवण, पगार, ऑफिसला किती वाजता जातोस, त्यांनी काहीच विचारलं नाही.

"काही नाही रे," ते म्हणाले. "नरहरच्या पेरूला कोंब आलाय, तेवढंच सांगायचं होतं."