दुरुस्ती चालू आहे

मिस्त्रींनी उभा जन्म लोकांना जिन्यापासून वाचवण्यात घालवला होता. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि कुणी जिना चढताना दिसलं की त्यांना ती स्वतःची नामुष्की वाटायची. निवृत्त होऊन चौथ्या मजल्यावर एकटे राहू लागल्यावर त्यांनी ठरवलं, गुडघे आता जपून वापरायचे. जपून म्हणजे खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत.

मग एकदा चमचा फ्रीजखाली गेला. तो काढायला मिस्त्री जमिनीवर बसले आणि बसलेच. ओट्याला धरून पाहिलं, कपाटाला धरून पाहिलं, देवाला हाक मारून पाहिली. दुपारी मुलगी डबा घेऊन आली तेव्हा ते तिथेच होते. चमचा मात्र निघाला होता.

"बाबा, आता पुरे. माझ्याकडे चला. तळमजला आहे, खोली तयार आहे, पडदेसुद्धा लावलेत."

"पडदे कधी लावलेस?"

"गेल्या वर्षी."

मुलगी मायेचीच होती, पण मिस्त्रींना जायचं नव्हतं. या घराच्या भिंतींचा रंग त्यांच्या बायकोने भांडून निवडलेला होता आणि तो न आवडण्यात मिस्त्रींचं सगळं आयुष्य गेलं होतं. तो सोडून राहायचं म्हटलं की त्यांना भीती वाटे.

"दोन महिने दे," ते म्हणाले. "तुझ्यासमोर जमिनीवर बसून कशालाही न धरता उठलो, तर इथेच राहीन. नाही जमलं तर सामान बांध."

मुलगी कबूल झाली. जाताना रिकामी खोकी तेवढी ठेवून गेली.

डॉक्टरांनी पाय तपासले. "गुडघ्यांना काही धाड भरलेली नाही. मांड्यांचे स्नायू आटलेत. व्यायाम करा, भरून येतील."

"या वयात?"

"कुठल्याही वयात. फक्त करावा लागतो."

हे शेवटचं वाक्य मिस्त्रींना आवडलं नाही. त्यांनी ते खालच्या मजल्यावरच्या शिट्टीबाईंना सांगितलं. शिट्टीबाई मिस्त्रींपेक्षा वयाने मोठ्या. आयुष्यभर त्यांनी पोरांना पोहायला शिकवलं होतं आणि शिट्टी अजून गळ्यात होती.

"काय हो मिस्त्री, वापरावाचून बंद ठेवलेली लिफ्ट चांगली राहते का?"

"छे! गंज चढतो, ब्रेक चिकटतो. रोज रिकामी का होईना, वरखाली फिरवावीच लागते. कितीदा कानीकपाळी ओरडलोय लोकांच्या..."

एवढं बोलून मिस्त्रींनी स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. शिट्टीबाईंनी शिट्टी वाजवली.

आधी खुर्चीतून हात न टेकता उठायचं. मग जिना. अडचण एकच होती. लिफ्ट समोर दिसली की मिस्त्रींचं बोट आपसूक बटणाकडे जायचं. शेवटी ते रोज सकाळी जुन्या किल्लीने लिफ्टच बंद करू लागले आणि दारावर आपली जुनी पाटी अडकवू लागले : 'दुरुस्ती चालू आहे'. व्यायाम संपला की पाटी खाली, लिफ्ट सुरू. लिफ्ट म्हातारी झाली, असं सगळ्यांचं मत पडलं. सगळ्यात जास्त आरडाओरडा तळमजल्यावरच्यांनी केला.

सुरुवातीला पहिल्याच वळणावर मिस्त्रींच्या छातीचा भाता व्हायचा. हळूहळू त्यांना गाढ झोप लागू लागली. बुटाची नाडी ते स्वतः बांधू लागले आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवू लागले. पण जमिनीवरून उठताना एक हात खुर्चीकडे जायचाच. ठरल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळीही गेला. मिस्त्री खोक्यांकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी काळजीपोटी त्यांनी जिना जास्तच चढला-उतरला. मग आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून बसले.

बेल वाजली. दारात मुलगी. चेहरा लालबुंद, तोंडातून शब्द फुटेना. ती आत आली आणि खोक्यांशेजारी जमिनीवर फतकल मारून बसली.

"लिफ्ट... बंद..."

पाटी काढायची राहिली होती! मिस्त्रींनी कपाळाला हात लावला, पाणी आणलं आणि तिच्या शेजारी बसून पाठीवरून हात फिरवू लागले. पोरीची छाती धडधडत होती. मिस्त्री घाबरून गेले.

"अजून पाणी," ती म्हणाली.

मिस्त्री गेले, ग्लास भरून घेऊन आले. ती अर्धा प्यायली आणि थांबली.

"बाबा, आत्ता उठताना तुम्ही कशाला धरलंत?"

मिस्त्रींनी आठवून पाहिलं.

"ग्लासाला."

मग मुलीने उठण्यासाठी खोक्यावर हात रेटला. खोकं रिकामं होतं, ते चेपलं. तिने गुडघ्यावर जोर दिला, कण्हली आणि परत खाली बसली. तिची अजून पन्नाशीही आली नव्हती.

"बाबा, हात द्या ना."

हे ती लहानपणी रस्ता ओलांडताना म्हणायची. मिस्त्रींनी दोन्ही हात दिले, पाय रोवले आणि तिला उभं केलं.

"खोलीचं मग बघू," ती डोळे पुसत म्हणाली. "ती लिफ्ट कधी सुरू होणार?"

मिस्त्रींनी खिशातली किल्ली बाहेर काढली, मुलीच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि किल्ली परत खिशात टाकली.

"दुरुस्ती चालू आहे," ते म्हणाले. "उद्या सकाळी ये."